जपानी ॲनिमेपटातील शोक आणि सावरणे : 'होतारुबी नो मोरी ए' (२०११) या लघुपटाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी ॲनिमेशनमध्ये मृत्यू, वियोग आणि त्यातून सावरणे हा विषय पुन:पुन्हा येतो. प्रस्तुत लेखात २०११ साली प्रदर्शित झालेल्या 'होतारुबी नो मोरी ए' या सुमारे ४५ मिनिटांच्या प्रेमकथात्मक चित्रपटाचा त्या परंपरेच्या संदर्भात विचार केला आहे. हा चित्रपट ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर अवघ्या सहा महिन्यांनी पडद्यावर आला. मात्र त्याची मूळ कथा २००२ सालची आहे. कलाकृतीच्या निर्मितीचा काळ आणि तिच्या ग्रहणाचा काळ यांत इतिहासाच्या अभ्यासकाने भेद करणे का आवश्यक आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : ॲनिमे, शोक, सांत्वन, पितृपूजा, करुण, विप्रलंभ, त्सुनामी.

१. प्रस्तावना

इतिहासलेखनात दीर्घकाळ राजकीय घडामोडी, युद्धे, तह आणि संस्था यांना प्राधान्य मिळाले. समाज दु:ख कसे करतो, मृतांशी नाते कसे ठेवतो आणि त्या दु:खातून कसा सावरतो, हे प्रश्न मानसशास्त्राचे किंवा फार तर मानववंशशास्त्राचे मानले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी मृत्यूविषयीच्या पाश्चात्त्य मनोवृत्तींचा इतिहास लिहिला आणि शोकालाही इतिहास असतो ही जाणीव अभ्यासक्षेत्रात रुजली. माणसे सर्वत्र रडतात. परंतु कोणासाठी, किती काळ, कोणासमोर आणि कोणत्या रूपात रडावे हे प्रत्येक समाज आपापल्या काळात ठरवीत असतो.

या दृष्टीने जपानी ॲनिमेशनपट हे एक महत्त्वाचे साधन आहे. भारतीय अध्यापकवर्गात 'कार्टून' या शब्दाभोवती बालरंजनाची कल्पना अजूनही घट्ट आहे. जपानमध्ये मात्र हे माध्यम प्रौढांच्या अनुभवासाठीही वापरले गेले. युद्ध, अणुबॉम्ब, भूकंप, एकाकीपणा आणि वार्धक्य हे विषय त्यात आले. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला चित्रपट आकाराने लहान आहे. त्यात युद्ध नाही, राष्ट्र नाही, मोठी घटना नाही. एक मुलगी, एक वनवासी तरुण आणि काही उन्हाळे एवढाच त्याचा ऐवज आहे. तरीही त्यातील शोकाची मांडणी समजून घ्यायची असेल तर किमान १९४५ पर्यंत मागे जावे लागते.

२. चित्रपट आणि त्याची कथावस्तू

'होतारुबी नो मोरी ए' या शीर्षकाचा अर्थ 'काजव्यांच्या उजेडाच्या वनाकडे' असा करता येईल. मूळ कथा युकी मिदोरिकावा या लेखिका-चित्रकर्तीची. ती २००२ साली मुलींसाठीच्या एका मांगा नियतकालिकात एकाच अंकात पूर्ण होणारी चित्रकथा म्हणून प्रसिद्ध झाली. ताकाहिरो ओमोरी यांच्या दिग्दर्शनाखाली ब्रेन्स बेस या चित्रसंस्थेने तिच्यावर चित्रपट केला आणि तो १७ सप्टेंबर २०११ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. मिदोरिकावा यांच्याच 'नात्सुमे युजिन्चो' या कथामालेचे दूरचित्रवाणी रूपांतर याच दिग्दर्शकाने व याच संस्थेने २००८ पासून केले होते. 'होतारुबी'ला त्या वर्षीचा माइनिची चित्रपट पुरस्कारांतील ॲनिमेशनपटाचा सन्मान मिळाला.

कथा साधी आहे. सहा वर्षांची होतारू उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यातील नातेवाइकांकडे आलेली असताना पर्वतदेवतेच्या वनात वाट चुकते. तेथे तिला कोल्ह्याचा मुखवटा घातलेला गिन भेटतो. तो मनुष्य नाही आणि पूर्णपणे 'योकाई', म्हणजे लोकश्रद्धेतील अद्भुत जीवही नाही. अर्भकावस्थेत वनात टाकून दिलेल्या या मुलाला पर्वतदेवतेने मंत्रबळाने टिकवून ठेवले आहे. मात्र मनुष्याचा स्पर्श होताच तो नाहीसा होणार, अशी अट आहे. म्हणून तो एका काठीचे एक टोक स्वत: धरतो, दुसरे तिच्या हाती देतो आणि तिला वनाबाहेर आणून सोडतो. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती येत राहते. ती वाढत जाते. तो जवळपास तसाच राहतो. बालपणीचा स्नेह वर्षांगणिक अनुरागाकडे झुकतो. शेवटी योकाईंच्या रात्रीच्या उत्सवात दोघे मनगटांना कापडाची पट्टी बांधून हिंडतात. परतताना अडखळून पडणाऱ्या एका लहान मुलाला गिन हात देऊन सावरतो. तो मुलगा योकाई नसून उत्सवात चुकून शिरलेले मनुष्याचे मूल असते. गिन विरघळू लागतो. आता निषेधाला अर्थ उरलेला नसतो. तो होतारूला जवळ बोलावतो. दोघे प्रथमच आणि अखेरचे एकमेकांना मिठीत घेतात. मागे मुखवटा आणि वस्त्र उरते. काही काळ उन्हाळ्याची वाट पाहणे जमणार नाही, तरी हातातील ऊब आणि आठवणी सोबत राहतील, अशा आशयाच्या निवेदनाने चित्रपट संपतो.

३. पूर्वपरंपरा : १९४५ ते १९८८

१९४५ च्या वसंतात टोकियोवर बॉम्बवर्षाव चालू असताना जपानी लोकविद्येचे प्रवर्तक कुनिओ यानागिता 'सेन्झो नो हानाशी' (पूर्वजांविषयी) हा ग्रंथ लिहीत होते. तो १९४६ मध्ये प्रकाशित झाला. यानागितांपुढचा प्रश्न विद्वत्तेचा होता तसाच निकडीचाही होता. जपानी कुटुंबव्यवस्थेत मृताची सेवा त्याचे वंशज करतात. घरातील 'बुत्सुदान' या देव्हाऱ्यासमोर त्याचे स्मरण होते, उन्हाळ्यातील ओबोनच्या सणात त्याचे स्वागत होते आणि कालांतराने तो पूर्वजांच्या समूहात विलीन होतो. परंतु युद्धात हजारो अविवाहित तरुण नि:संतान मरत होते. त्यांची सेवा कोण करणार? ज्याला कोणी नातेवाईक नाही अशा मृताला 'मुएन-बोतोके', म्हणजे संबंधहीन मृतात्मा, म्हणतात. असे असंख्य संबंधहीन मृत ही युद्धोत्तर जपानची एक अव्यक्त चिंता होती.

येथे ओबोनविषयी एक बाब नोंदवणे उचित ठरेल. बुद्धशिष्य मौद्गल्यायनाने प्रेतयोनीत गेलेल्या आपल्या मातेला सोडविल्याच्या कथेशी हा सण जोडला जातो. ही कथा चीनमार्गे जपानमध्ये गेली आणि सातव्या शतकापासून तेथे या विधीचे उल्लेख सापडतात. महाराष्ट्रातील पितृपंधरवड्याशी त्याचे साम्य जाणवते. मात्र जपानमध्ये या दिवसांना गावजत्रेचे, नृत्याचे आणि दिव्यांचे रूप आले. तेथे मृतांचे येणे हा उन्हाळ्याच्या आनंदाचाच एक भाग ठरला.

दूरचित्रवाणीवरील जपानी ॲनिमेशनच्या आरंभीही एक फसलेला शोक आहे. ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. तिचा नायक बलाढ्य यंत्रबालक म्हणून जगभर ओळखला जातो; त्याची जन्मकथा मात्र फारशी आठवली जात नाही. डॉ. तेन्मा यांचा मुलगा तोबिओ अपघातात मरण पावतो. बाप त्याच्यासारखा दिसणारा यंत्रमानव घडवतो. काही काळाने त्याच्या लक्षात येते की हे मूल वाढत नाही. संतापून तो त्याला सर्कशीला विकून टाकतो. मृताच्या जागी प्रतिमा उभी करता येते, पण प्रतिमेला वय येत नाही. शोकाचे हे पर्यायी उत्तर टिकत नाही, हा विचार या लोकप्रिय मालिकेच्या मुळाशी आहे.

युद्धातील प्रत्यक्ष मृत्यूंकडे वळायला या माध्यमाला बराच काळ लागला. हिरोशिमातून वाचलेले केइजी नाकाझावा यांच्या 'हादाशी नो गेन' या चित्रकथेवरील चित्रपट १९८३ मध्ये आला. अकियुकी नोसाका यांनी १९४५ मध्ये उपासमारीने दगावलेल्या आपल्या धाकट्या बहिणीच्या आठवणीतून 'होतारु नो हाका' (काजव्यांचे थडगे) ही कथा १९६७ मध्ये लिहिली. इसाओ ताकाहाता यांचा त्यावरील चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी प्रदर्शित झाला. ताकाहाता स्वत: बालपणी ओकायामावरील हवाई हल्ल्यातून वाचलेले होते. घटना आणि कथा यांत २२ वर्षांचे, तर घटना आणि चित्रपट यांत ४३ वर्षांचे अंतर आहे. सामूहिक आपत्तीला कलारूप मिळण्यास लागणारा हा विलंब पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

हा चित्रपट हायाओ मियाझाकी यांच्या 'तोनारी नो तोतोरो' या चित्रपटाला जोडून एकाच खेळात दाखवला गेला. एका चित्रपटात काजव्यांच्या उजेडात मरणारी बहीण होती, तर दुसऱ्यात आई रुग्णालयात असलेल्या दोन मुलींना धीर देणारा वनातला जीव होता. १९८८ साली शोक आणि सांत्वन यांच्यासाठी दोन स्वतंत्र चित्रपट लागले. 'होतारुबी'मध्ये काजवे आणि वन, मृत्यू आणि दिलासा, हे दोन्ही एकाच छोट्या कथेत आले आहेत. येथे थेट प्रभावाचा दावा नाही. तथापि उपलब्ध प्रतीकसंचय कोणता होता, हे यावरून ध्यानात येते. काजव्यात भटकणारा जीव पाहण्याची कल्पना त्याहूनही जुनी असून इसवी सन १००० च्या सुमारास होऊन गेलेल्या इझुमी शिकिबु या कवयित्रीच्या काव्यातही ती आढळते.

४. 'इयाशी' : १९९५ नंतरची शब्दव्यवस्था

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात झालेल्या भूकंपात ६,४३४ लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० मार्चला, टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिन्रिक्यो पंथाने विषारी वायू सोडला. या दोन आघातांनंतर 'कोकोरो नो केआ' (मनाची निगा) हा शब्दप्रयोग जपानी सार्वजनिक जीवनात स्थिरावला. कोबेतील मनोविकारतज्ज्ञ कात्सुमासा आन यांनी स्वत: आपद्ग्रस्त असताना इतरांवर केलेल्या उपचारांचा अनुभव १९९६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्याच्या शीर्षकातच मनाच्या जखमा भरून येण्याचा उल्लेख आहे.

याच दशकाच्या उत्तरार्धात 'इयाशी', म्हणजे बरे होणे किंवा निववणे, हा शब्द बाजारपेठेतही पसरला. संगीत, सहली, वस्तू आणि चित्रकथा यांना तो चिकटला. ॲनिमेमध्ये 'इयाशी-केई' नावाचा एक प्रकारच रूढ झाला. मंद गती, निसर्ग, दैनंदिन कामे आणि संघर्षाचा अभाव ही त्याची लक्षणे होत. २००५ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या 'आरिया' आणि 'मुशिशी' या मालिकांचा या संदर्भात नेहमी उल्लेख होतो. येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. आन यांच्या लेखनात बरे होणे ही दीर्घ, कष्टाची आणि इतरांच्या सोबतीने होणारी प्रक्रिया होती. बाजारातील 'इयाशी' हा संध्याकाळपुरता विसावा होता. २००२ मध्ये लिहिलेली 'होतारुबी'ची कथा या दोन अर्थांच्या मध्ये उभी आहे. तिची गती विसाव्याची आहे, परंतु शेवट विसाव्याचा नाही.

५. लघुरूपाचा इतिहास

हा चित्रपट पाऊण तासाचाच का, याचेही ऐतिहासिक उत्तर आहे. मुलींसाठीच्या मांगा नियतकालिकांत एकाच अंकात पूर्ण होणाऱ्या कथेची जुनी प्रथा आहे. अशा कथेला पुढील भागाचा आधार नसतो. तिला एका बैठकीत भेट, ओढ आणि ताटातूट पूर्ण करावी लागते. १९८३ पासून थेट व्हिडिओसाठी ॲनिमेपट तयार होऊ लागले आणि चित्रपटगृह किंवा दूरचित्रवाणीच्या ठरीव लांबीत न बसणाऱ्या कलाकृतींना वाट मिळाली. संगणकामुळे पुढे निर्मितीचा खर्च आणि मनुष्यबळ या दोहोंची गणिते बदलली. माकोतो शिन्काई यांनी 'होशी नो कोए' हा २५ मिनिटांचा चित्रपट घरच्या संगणकावर जवळजवळ एकहाती तयार केला. तो २००२ मध्ये टोकियोतील एका छोट्या चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. अंतराळात दूर जाणारी मुलगी आणि पृथ्वीवरील मुलगा यांच्यातील संदेशांना पोहोचायला अधिकाधिक काळ, अखेरीस आठ वर्षांहून जास्त लागतो, एवढेच त्याचे कथासूत्र आहे.

कुनिओ कातो यांचा 'त्सुमिकी नो इए' हा सुमारे १२ मिनिटांचा चित्रपट २००८ चा. पाण्याखाली जाणाऱ्या गावात एक वृद्ध घरावर मजले चढवीत राहतो. एकदा हातून निसटलेली चिलीम शोधायला तो खाली बुडी मारतो आणि प्रत्येक बुडालेल्या मजल्यावर त्याला कुटुंबाचा, पत्नीचा एकेक काळ भेटतो. या चित्रपटाला २००९ मध्ये सर्वोत्कृष्ट लघु ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. शिन्काई यांचा 'कोतोनोहा नो निवा' (२०१३) ४६ मिनिटांचा आहे. त्यात पावसाळी सकाळी उद्यानात भेटणारे दोन एकाकी जीव आहेत. अपमानामुळे शाळेत जाणे अशक्य झालेली शिक्षिका आणि पादत्राणे घडवण्याचे स्वप्न पाहणारा विद्यार्थी यांच्या सहवासात पुन्हा चालू लागणे हाच बरे होण्याचा अर्थ ठरतो.

या सर्व कलाकृतींत कथानक कमी आणि काळ अधिक आहे. शोक ही घटना नसून अवधी आहे आणि लघुरूप त्या अवधीला गाळून घेते. 'होतारुबी'त दहा उन्हाळे पाऊण तासात येतात. मधले हिवाळे जवळपास गाळलेले आहेत. वियोगात माणसाचे आयुष्य जसे भेटीच्या दिवसांपुरते उरते, तसेच चित्रपटाचे रूपही त्या दिवसांपुरते उरते.

६. स्पर्श, वय आणि नाते : शोकाची रचना

भारतीय काव्यशास्त्रातील एक भेद येथे उपयोगी पडतो. विप्रलंभ शृंगारात प्रियजन दूर असतो, पण भेटीची आशा शिल्लक असते. म्हणून त्याचा स्थायीभाव रती हाच राहतो. करुणात आशा संपते आणि स्थायीभाव शोक होतो. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभाचा करुण हा एक प्रकार सांगितला आहे. एकाचा मृत्यू होऊनही पुनर्भेटीची शक्यता शिल्लक असते तेथे तो मानला जातो. बाणाची 'कादंबरी' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. 'होतारुबी'ची रचना या सीमारेषेवर आहे. गिन समोर आहे, तरी अप्राप्य आहे. दर वर्षी भेट होते, तरी स्पर्श निषिद्ध आहे. म्हणजे सहवासातच विप्रलंभ आहे. शेवटी स्पर्श घडतो त्याच क्षणी विप्रलंभाचा करुण होतो. भेट आणि वियोग एकाच कृतीत येतात. 'कादंबरी'प्रमाणे पुनर्भेटीचे आश्वासन येथे नाही. म्हणूनच पुढे सावरण्याचा प्रश्न खरा ठरतो.

दुसरा मुद्दा वयाचा. आतोमु वाढत नाही म्हणून बापाने त्याला टाकले. गिन वाढत नाही, हे होतारूला ठाऊक आहे. आपण त्याला एके दिवशी गाठू आणि मागे टाकू, हेही तिला कळते. मृताशी जगणाऱ्या प्रत्येकाचा हाच अनुभव असतो. थोरला भाऊ गेलेल्या वयापेक्षा धाकटा पुढे मोठा होतो. रेखाटलेली आकृती वय धारण करीत नाही, ही ॲनिमेशनची तांत्रिक मर्यादा येथे आशयाचे साधन बनली आहे. तेन्मा न वाढणे सहन करू शकला नाही. होतारू त्या न वाढण्यासोबत जगायला शिकते. १९६३ ते २०११ या काळातील बदल येथे स्पष्ट दिसतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नात्याचा. गिन हा टाकून दिलेला, वंशहीन जीव आहे. यानागितांच्या परिभाषेत सांगायचे तर तो मुएन आहे. त्याच्यासाठी ओबोनला दिवा लावणारे कोणी नाही. चित्रपटातील उत्सव ओबोनचा नाही; तो वनातील योकाईंनी मानवी जत्रेचे केलेले अनुकरण आहे. तथापि उन्हाळा, दिवे आणि गतजीवांचे सान्निध्य हा सारा परिसर त्याच सणाचा आहे. गिन मनुष्याच्या स्पर्शाने नाहीसा होतो तेव्हा त्याला प्रथमच शोक करणारे माणूस लाभते. वनातील योकाई होतारूचा रोष करीत नाहीत. उलट तिचे आभार मानतात. रक्ताचे नाते नसलेल्या मृताला आठवणीतून नाते मिळू शकते, हे उत्तर यानागितांच्या कुटुंबकेंद्री व्यवस्थेत बसणारे नव्हते. लहान कुटुंबे आणि एकट्याने येणारे मरण यांचा अनुभव असलेल्या एकविसाव्या शतकातील जपानला मात्र ते जवळचे होते.

मानसशास्त्रातील विचारही याच दिशेने सरकला आहे. फ्रॉइड यांनी १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शोक म्हणजे गमावलेल्या व्यक्तीतून मन हळूहळू सोडवून घेण्याचे काम, असे मांडले. १९६९ मध्ये जो यामामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियोतील विधवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देव्हाऱ्यासमोर पतीशी बोलणाऱ्या या स्त्रियांच्या वागण्याकडे केवळ विकार म्हणून पाहता येत नाही, हे त्यातून पुढे आले. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहसंपादकांनी मृतांशी टिकून राहणाऱ्या बंधांची संकल्पना मांडली. तिच्यामागे जपानी पितृपूजेच्या अभ्यासाचाही वाटा होता. होतारूचे सावरणे विसरण्यातून येत नाही. ते सोबत घेऊन चालण्यातून येते.

७. २०११ : निर्मितीचा काळ आणि ग्रहणाचा काळ

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला ९.० तीव्रतेच्या भूकंपाचा आणि त्सुनामीचा तडाखा बसला. मृतांची संख्या सुमारे १५,९०० झाली. अडीच हजारांहून अधिक लोक कायमचे बेपत्ता झाले. ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांच्या कुटुंबीयांना शोक करण्यासाठीही आधार उरला नाही. अमेरिकन अभ्यासिका पॉलिन बॉस यांनी १९९९ च्या ग्रंथात अशा स्थितीला संदिग्ध वियोग म्हटले होते. इवाते प्रांतातील ओत्सुची या गावाने बाराशेहून अधिक माणसे गमावली. तेथे इतारू सासाकी यांनी २०१० मध्ये आपल्या दिवंगत चुलत भावासाठी बागेत दूरध्वनीचा एक कक्ष उभारला होता. त्यातील यंत्राला तार जोडलेली नाही. त्सुनामीनंतर त्यांनी तो सर्वांना खुला केला. 'वाऱ्याचा दूरध्वनी' या नावाने तो पुढे जगभर ओळखला गेला.

सहा महिन्यांनी 'होतारुबी' प्रदर्शित झाला. ज्याला स्पर्श करता येत नाही अशा प्रियजनाची ही कथा त्या वर्षी आपत्तीचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु कालक्रम त्याला आधार देत नाही. कथा २००२ ची आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू झालेली, बालमैत्रिणीच्या मृत्यूने विखुरलेल्या मित्रांची 'आनोहाना' ही मालिकाही मार्चपूर्वीच योजलेली होती. वाऱ्याच्या दूरध्वनीचेही तसेच आहे: तो एका व्यक्तीच्या खाजगी शोकासाठी आपत्तीच्या आधीच उभा होता. या तिन्ही उदाहरणांवरून एक वेगळा निष्कर्ष निघतो. सामूहिक आपत्ती आली तेव्हा समाजाला शोकाची भाषा नव्याने घडवावी लागली नाही. खाजगी दु:खासाठी घडलेली भाषा तयार होती आणि तिचा उपयोग मोठ्या दु:खासाठी झाला.

आपत्तीला प्रत्यक्ष नाव घेऊन सामोरे जाणारे मोठे चित्रपट नंतर आले. शिन्काई यांच्या 'किमी नो ना वा' (२०१६) मध्ये धूमकेतूच्या तुकड्याने उद्ध्वस्त होणारे गाव आहे, म्हणजे आपत्ती रूपकातून येते. त्यांच्याच 'सुझुमे नो तोजिमारी' (२०२२) मध्ये नायिकेची आई ११ मार्चच्या त्सुनामीतच गेलेली आहे. शेवटी सुझुमेला भेटते ती आई नसते. ती स्वत:च्याच बालरूपाला भेटते आणि धीर देते. घटनेपासून तिचे थेट नाव घेईपर्यंत शिन्काई यांना ११ वर्षे लागली. युद्धाच्या तुलनेत हा विलंब कमी आहे. पण विलंब आहेच.

८. काही आक्षेपांचा विचार

अशा चित्रपटांचे स्पष्टीकरण 'मोनो नो आवारे', म्हणजे नश्वरतेच्या जाणिवेतून येणारी हळवी करुणा, या एका संज्ञेने करण्याची प्रथा आहे. ती संज्ञा निरुपयोगी नाही. परंतु तिला जपानी स्वभावाचे सनातन लक्षण मानणे इतिहासाला धरून नाही. मोतोओरी नोरिनागा (१७३०-१८०१) यांनी अठराव्या शतकात 'गेंजी मोनोगातारी'च्या विवेचनात, नीतिबोधवादी वाचनाला उत्तर म्हणून तिची मांडणी केली. तिलाही काळ आणि प्रतिपक्ष होता. 'होतारुबी'मागील कारणे युद्धोत्तर कुटुंबव्यवस्था, १९९५ नंतरची शुश्रूषेची भाषा, मांगा नियतकालिकांची प्रथा आणि संगणकीय तंत्र यांत शोधणे अधिक फलदायी ठरते.

दुसरा आक्षेप सौंदर्यीकरणाचा आहे. मृत्यू काजव्यांच्या उजेडात विरघळून जातो. प्रेत नाही, आजार नाही, अंत्यसंस्कारांची धावपळ नाही. हा आक्षेप अंशत: मान्य करावा लागतो. 'होतारु नो हाका'मधील भुकेने खंगलेले शरीर येथे नाही. तथापि चित्रपट मृत्यूचे कारण सुंदर करीत नाही. गिनचा अंत प्रेमाखातर केलेल्या त्यागातून होत नाही. एका अनोळखी मुलाला पडताना सावरण्याच्या अगदी साध्या कृतीतून तो होतो. मराठीतील 'सावरणे' या क्रियापदात तोल जाणाऱ्याला धरणे आणि दु:खातून स्थिर होणे हे दोन्ही अर्थ आहेत. या कथेत एकाचे सावरणे दुसऱ्याच्या शोकाचे कारण ठरते. त्या शोकातून सावरण्याची जबाबदारी मग जिवंत राहिलेल्या व्यक्तीवर येते.

९. निष्कर्ष

(१) युद्धोत्तर जपानी ॲनिमेशनमध्ये शोकाची मांडणी मृताला पर्याय शोधण्याकडून मृतासोबत जगण्याकडे सरकलेली दिसते. 'तेत्सुवान आतोमु' आणि 'होतारुबी नो मोरी ए' ही या प्रवासाची दोन टोके मानता येतात.

(२) १९४५ मध्ये यानागितांनी उपस्थित केलेला संबंधहीन मृतांचा प्रश्न कुटुंबव्यवस्थेच्या चौकटीत सुटला नाही. २००२ व २०११ च्या या छोट्या प्रेमकथेत त्याला रक्तसंबंधापलीकडील स्मरणाचे उत्तर मिळते.

(३) पाऊण तासाचे लघुरूप ही केवळ आर्थिक सोय नाही. प्रकाशनप्रथा आणि तंत्रज्ञान यांतून घडलेल्या या रूपाने शोकाचा अवधी व्यक्त करण्याची स्वतंत्र क्षमता मिळवली.

(४) कलाकृती ज्या वर्षी लोकांसमोर येते त्या वर्षीच्या घटनेचे ती प्रतिबिंब असतेच असे नाही. निर्मिती आणि ग्रहण यांच्या तारखा वेगळ्या ठेवल्या, तरच आपत्तीपूर्वी समाजाजवळ काय होते आणि आपत्तीनंतर त्याने काय घडवले, हे ओळखता येते.

आपत्तींचा इतिहास बहुधा मृतांच्या आकड्यांनी आणि पुनर्बांधणीच्या खर्चाने लिहिला जातो. दोन्हींची नोंद आवश्यकच आहे. परंतु अडीच हजार बेपत्ता माणसांच्या घरी त्यानंतरचे उन्हाळे कसे गेले, हे त्या नोंदींतून कळत नाही. एका टोकाला मुलगी आणि दुसऱ्या टोकाला तिला हात न लावू शकणारा सोबती, अशी ती काठी अभ्यासकाला त्या न नोंदलेल्या भागापर्यंत नेते. लोकप्रिय चित्रपटांना इतिहासाच्या साधनांत स्थान द्यावे ते याच कारणासाठी.